उसंतीचे भांडवल

बीड जिल्ह्यातल्या तरुणाला कष्टाची महती सांगण्यासाठी पुस्तक काढण्याची गरज नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात, ती चैत्र-वैशाखात परततात. कारखान्याच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. हा कोयता पहाटेच्या अंधारात फडात उतरतो. ऊस बुडख्यातून तोडायचा, वाढे छाटायचे, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन लाकडी फळीवरून चढत ट्रकमध्ये रचायच्या. मजुरी टनावर मिळते. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल त्यातून फिटली तर फिटली. नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या खात्यावर जाते.

म्हणूनच उद्योजकतेच्या मेळाव्यात आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणीच्या मुलांना व्यासपीठावरून ‘मेहनत करा’ असे सांगितले जाते, तेव्हा खरा प्रश्न बाजूलाच राहतो. मेहनत इथे पिढ्यान् पिढ्या झाली आहे. तिच्यातून शिल्लक मात्र राहिली नाही. आणि शिल्लक नसली की एकाच गोष्टीवर दोन-चार वर्षे चित्त धरून बसण्याची उसंतही मिळत नाही. स्टार्टअप उभा करायला कष्ट लागतात, एकाग्रता लागते, हे खरेच आहे. पण एकाग्रतेचाही खर्च असतो आणि तो कुणीतरी उचलावा लागतो. या पुस्तकाचा सारा खटाटोप त्या खर्चाचा हिशेब मांडण्यासाठी आहे.

याच जिल्ह्यातले एक नाव या संदर्भात सर्वांच्या ओळखीचे झाले आहे. आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटण गावचे दादासाहेब भगत दहावीनंतर आयटीआय करून पुण्याला गेले आणि इन्फोसिसच्या अतिथिगृहात महिना नऊ हजारांवर खोल्यांच्या देखभालीच्या कामाला लागले. आजूबाजूचे लोक संगणकापुढे बसून काय करतात, हे कुतूहल त्यांना ॲनिमेशन आणि ग्राफिक डिझाइनकडे घेऊन गेले. पुढे हैदराबादला नोकरी करता करता ते पायथन, सी प्लस प्लस शिकले. २०१५ साली त्यांनी ‘नाइन्थ मोशन’ ही कंपनी काढली. त्यानंतर ‘डूग्राफिक्स’ आले. पत्रिका, पोस्टर, समाजमाध्यमांवरचे फलक असे काहीही तयार साच्यांवरून बनवता येईल, असे हे साधन आहे. करोनाच्या टाळेबंदीत पुणे सोडावे लागले, तेव्हा त्यांनी गावाकडच्या टेकडीवर, जिथे मोबाइलला रेंज मिळत होती तिथल्या गोठ्यात संगणक मांडले आणि गावातल्या मित्रांना काम शिकवून तिथूनच कंपनी चालवली. ‘शार्क टँक इंडिया’च्या कार्यक्रमात अमन गुप्ता यांनी दहा टक्के हिश्श्यासाठी एक कोटी रुपये देऊ केले, आणि ही कहाणी घरोघरी पोचली.

ती सांगितली जाते ती बहुधा जिद्दीची कहाणी म्हणून. जिद्द तर आहेच. पण जरा बारकाईने पाहिले, तर मधली कितीतरी वर्षे डोळ्यांपुढे येतात. त्या वर्षांत दरमहा एक ठरावीक पगार येत होता, आणि कामाच्या तासांनंतर शिकायला रात्र मोकळी मिळत होती. फडावर बारा-चौदा तास राबलेल्या माणसाला ही मोकळी रात्र मिळत नाही. दोघांच्या कष्टांत फरक नाही. फरक दिवस संपल्यावर हाती काय उरते, याचा आहे.

स्टार्टअप म्हणजे नेमके काय, हे नवख्या वाचकाला आधी सांगितले पाहिजे, कारण गावात आता चहाच्या नव्या टपरीलाही लोक कौतुकाने स्टार्टअप म्हणतात. केजच्या बाजारपेठेत किराणा दुकान घालणाऱ्याला काय विकायचे, कुणाला विकायचे आणि साधारण किती सुटेल, हे पहिल्या दिवशी ठाऊक असते. स्टार्टअप काढणाऱ्याला यातले काहीच खात्रीने माहीत नसते. ग्राहक कोण, तो पैसे का देईल आणि दहा ग्राहकांचे दहा हजार कसे होतील, याचा शोध घेण्यासाठी उभी केलेली तात्पुरती व्यवस्था म्हणजे स्टार्टअप, अशी व्याख्या अमेरिकेतले शिक्षक-उद्योजक स्टीव्ह ब्लँक यांनी रूढ केली. आपल्या सरकारची व्याख्या कागदी सोयीची आहे. १६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’चा कृती आराखडा जाहीर झाला. पुढे २०१९च्या अधिसूचनेने दहा वर्षांच्या आतली, शंभर कोटींपर्यंत उलाढाल असलेली, काही नवे करणारी कंपनी त्यात बसवली. करसवलतीला अशी व्याख्या चालते. उद्योग समजून घ्यायला ब्लँक यांची व्याख्या अधिक उपयोगी पडते.

या क्षेत्राचा इतिहास सहसा कॅलिफोर्नियातून सुरू केला जातो. १९५७ साली आठ तरुण अभियंते एका प्रयोगशाळेतून बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली. त्याच साली जॉर्जेस दोरिओ यांच्या गुंतवणूक संस्थेने डिजिटल इक्विपमेंट या नव्या कंपनीत ७०,००० डॉलर घातले, आणि जोखमीच्या भांडवलाचा आजचा व्यवहार आकाराला येऊ लागला. मराठी वाचकाने मात्र सुरुवात बेळगावपासून करावी. मुंबईत शिक्षक असलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे सायकलींचे दुकान घातले. मग कडबा कापण्याचे यंत्र आले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल, अशी शेतकऱ्यांची भीती होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे गेली. आजच्या भाषेत, उत्पादन तयार होते आणि बाजार तयार नव्हता. त्या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी दुकान बंद केले नाही आणि नांगरही सोडला नाही. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी कुंडल रोडजवळ माळरान दिले, पैशाचे साह्य केले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. औंधच्या राजाने यंत्रे दिली नव्हती. त्याने दिली ती निवांतपणे काम करायला जागा आणि वेळ.

हाच धागा पुढेही दिसतो. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली, सात संस्थापक आणि सुधा मूर्तींनी साठवलेले दहा हजार रुपये एवढ्यावर; नवरा कंपनी उभारत असताना घर त्यांच्या नोकरीवर चालले. जळगावच्या भवरलाल जैनांनी १९६३ साली घरच्यांच्या सात हजारांच्या बचतीवर रॉकेलचा धंदा सुरू केला, आणि त्याच घरातून पुढे ठिबक सिंचनाचा मोठा उद्योग उभा राहिला. मराठवाड्यातच, जालन्यात, बद्रीनारायण बारवाले भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून १९६४ साली महिकोपर्यंत आले. १९९८चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. आणि पुण्यातले काटकर बंधू तर या पुस्तकाच्या वाचकाला अगदी घरचे वाटावेत. कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले, १९९०च्या सुमाराला त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान टाकले, धाकट्या संजयला संगणकशास्त्र शिकायला लावले. दुकानात दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने बिघडलेले असत. संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिला, आणि त्यातून ‘क्विक हील’ झाले. २०१६ साली ही कंपनी शेअर बाजारात आली. थोरल्या भावाच्या पान्या-पकडीने धाकट्याची एकाग्रता पोसली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

विचारांच्या शाळा कोणत्या, तेही थोडक्यात सांगायला हवे. जोसेफ शुंपीटर या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी उद्योजकाला अर्थव्यवस्थेच्या मध्यभागी आणून बसवले. जुने मोडून नवे घडवणारा तो, ही प्रतिमा तिथून आली. २००५ साली सुरू झालेल्या ‘वाय कॉम्बिनेटर’ने आणि तिचे एक संस्थापक पॉल ग्रॅहम यांच्या निबंधांनी वेगळाच भर दिला: संस्थापकाने दोनच कामे करावीत, माल घडवावा आणि ग्राहकाशी बोलावे, बाकी सगळे लक्ष विचलित करणारे. एरिक रीस यांच्या ‘द लीन स्टार्टअप’ने २०११ साली लहान प्रयोग, झटपट मोजमाप आणि चुकले तर वेळीच दिशा बदलण्याची शिस्त मांडली. अहमदाबादच्या आयआयएममध्ये प्राध्यापक राहिलेले अनिल गुप्ता यांच्या ‘हनी बी नेटवर्क’ने खेड्यातल्या कारागिरांच्या आणि शेतकऱ्यांच्या शोधांना नावगाव मिळवून दिले. श्रीधर वेंबू यांच्या ‘झोहो’ने बाहेरचे भांडवल न घेता, तमिळनाडूतल्या तेनकाशीसारख्या ठिकाणाहून जगाला सॉफ्टवेअर विकता येते, हे दाखवले. आणि महाराष्ट्रात सहकाराची परंपरा आहेच; नाशिकच्या विलास शिंदे यांची ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांच्या मालकीची कंपनी तिचे आजचे रूप म्हणता येईल.

पण बीडच्या वाचकाने सर्वांत जवळची मानावी अशी शाळा सरस सरस्वती यांची आहे. या भारतीय वंशाच्या संशोधिकेने हर्बर्ट सायमन यांच्या मार्गदर्शनाखाली काम केले, सत्तावीस अनुभवी उद्योजकांपुढे एकच काल्पनिक उद्योग ठेवला आणि ते निर्णय कसे घेतात ते तपासले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी बाजाराचे मोठे अंदाज बांधले नाहीत. आपण कोण, आपल्याला काय येते, आपण कुणाला ओळखतो, इथून त्यांनी सुरुवात केली. किती मिळेल यापेक्षा किती गेले तर आपल्याला झेपेल, हे आधी ठरवले. झेपेल एवढेच नुकसान ठरवण्याची ही रीत उचलीच्या नेमकी उलट आहे. उचल घेताना किती जाईल, हे घेणाऱ्याच्या हातात नसते. ज्याच्या घरात उचलीचा अनुभव आहे, त्याने व्यवसायासाठीही तशाच डोळे मिटून घेतलेल्या कर्जापासून दूर राहावे, हे या पुस्तकाचे स्पष्ट मत आहे.

कष्टांबद्दलचा वाद अलीकडे पुन्हा पेटला आहे. २०२३ साली नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे सुचवले. २०२५च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांनी नव्वद तासांची भाषा केली आणि देशभर चर्चा झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवड्याला पंचावन्न किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त आढळला. तेव्हा तास मोजून मोठेपणा ठरवणे धोक्याचे आहे. उद्योगाच्या सुरुवातीच्या काळात जास्तीचे तास लागतात, ते कुणीही नाकारत नाही. पण संस्थापक स्वतःच्या मालकीच्या गोष्टीसाठी ते देतो. पगारदाराकडून, तेही मालकीचा अंश न देता, तेच मागणे न्याय्य नाही. बीडने हा हिशेब फार जवळून पाहिला आहे. ऊसतोडीच्या हंगामात रजा म्हणजे मजुरी बुडाली, म्हणून दुखणे अंगावर काढणाऱ्या बायका, आणि जिल्ह्यात मोठ्या संख्येने झालेल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया यांची चौकशी २०१९ साली राज्याला करावी लागली. राबण्याला नुसते उदात्त ठरवून भागत नाही, हे सांगायला याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

एकाग्रतेविषयी एक अभ्यास या पुस्तकाच्या मुळाशी आहे. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन, एल्डर शफीर आणि जियाइंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची पाहणी मांडली. उसाचे पैसे वर्षातून एकदाच येतात. एकाच शेतकऱ्याची बुद्धीची तीच चाचणी तोडणीआधी, हात आखडलेला असताना, आणि तोडणीनंतर, पैसे हाती आल्यावर घेतली. तोडणीआधीचे गुण लक्षणीय कमी होते. माणूस तोच होता, त्याची अक्कलही तीच होती. उधारी, मुलीची फी, दुकानदाराचा तगादा, एवढ्या गोष्टी डोक्यात घोळत असताना समोरच्या कोड्याला द्यायला जागा कमी उरली होती. गरीब मुलांना ‘लक्ष नाही’ असा शेरा देणाऱ्या प्रत्येकाने हा निबंध वाचावा.

मग आत्ताच हे पुस्तक का? कारण जिल्ह्याभोवतीची परिस्थिती हलू लागली आहे. २०१६ सालानंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि गावातल्या मुलाला शिकवणी आणि गिऱ्हाईक दोन्ही फोनवर मिळू लागले. १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. कित्येक दशके लोक जिची वाट पाहत होते, ती गाडी अखेर बीडच्या स्थानकात आली. छत्रपती संभाजीनगरला ‘मॅजिक’सारखे केंद्र नवउद्योजकांना हाताशी धरते आहे. राज्याचे स्टार्टअप धोरण २०१८ पासून आहे. महामंडळांच्या व्याज परताव्याच्या योजनाही आहेत, पण त्यांचा फायदा ज्याची कागदपत्रे जुळतात आणि ज्याला बँक दारात उभे करते त्यालाच होतो.

करण्यासारखे कामही समोर आहे. बालाघाटच्या डोंगरात होणाऱ्या बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. फळ झाडावरून उतरवले की दोन-तीन दिवसांत मऊ पडते, म्हणून रस्त्याकडेच्या पाट्यांवर मिळेल त्या भावाने जाते. गर काढून गोठवला, तर आइस्क्रीमवाला वर्षभर घेतो. मात्र बिया सोडवताना गराच्या पाकळ्या फुटता कामा नयेत, हवा लागून तो काळवंडता कामा नये आणि वीज गेली तरी शीतपेटीतले तापमान चढता कामा नये. या तीन अडचणींपैकी एक जरी कुणी स्वस्तात सोडवली, तरी तो स्टार्टअप ठरेल. धारूरच्या एखाद्या पोराला तीन हंगाम फक्त या एका प्रश्नावर बसता आले पाहिजे. हंगाम वर्षातून एकदाच येतो, प्रयोग फसला तर पुढचा शरद ऋतू. तोवर त्याच्या घराचे काय, हा प्रश्न कुठल्याच योजनेच्या अर्जात विचारलेला नसतो.

अडसर लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ९ डिसेंबर २०२४ला मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि पवनऊर्जा कंपनीकडे खंडणी मागितल्याच्या आरोपांशी तो जोडला गेला. त्यानंतर जिल्ह्यात धंदा करू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात जी भीती बसली, ती कुठल्याही प्रशिक्षण शिबिराने जाणार नाही. ती कायद्याच्या राज्यानेच जाईल. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्या बुडून लोकांच्या ठेवी अडकल्या, तेव्हाही त्यात कुणाच्या तरी दुकानाचे, कुणाच्या पहिल्या यंत्राचे पैसे होते. ज्या प्रदेशात बचत सुरक्षित नाही, तिथे कुणी सांभाळून धोका पत्करावा अशी अपेक्षा करणे अवघड आहे.

तरीही मार्ग काढणारी माणसे शेजारीच आहेत. माणदेशात, म्हसवडला, चेतना सिन्हा आणि गावातल्या बायका यांनी महिलांची बँक काढायचे ठरवले, तेव्हा सभासद निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका काही महिने शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, तोंडी सांगतो. १९९७ साली ‘माणदेशी महिला सहकारी बँक’ सुरू झाली. तोही दुष्काळी मुलूख आहे, आणि तिथल्या बायकांना गणित आधीपासून येत होते. हिशेब त्यांच्या हातात ठेवणारी संस्था तेवढी नव्हती.

या पुस्तकात अब्जावधींच्या कंपन्यांची कौतुके फारशी नाहीत. बायजूजसारखी कंपनी २०२२ साली २२ अब्ज डॉलर मोलाची ठरली आणि दोनच वर्षांत दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, याचा उल्लेख आहे. पण भर आहे तो पहिल्या शंभर ग्राहकांवर, रोख पैसा कधी येतो आणि कधी जातो यावर, आणि एकावेळी एकच प्रश्न धरून ठेवण्याच्या सवयीवर. इंग्रजीत या विषयाचा डोंगर आहे. मराठीत आहे ते बरेचसे प्रेरणादायी भाषणांच्या वळणाचे. ज्या मुलाला इंग्रजी वाचायला अडते आणि भाषणे ऐकून कंटाळा आला आहे, त्याच्यासाठी हे लिहिले आहे. त्याच्या आईवडिलांसाठीही आहे, कारण नोकरी की धंदा हा वाद शेवटी त्यांच्याच ओट्यावर होतो.

शेवटी एक कोरा तक्ता जोडला आहे. घरात दरमहा येणारे पैसे, किराणा, दवाखाना, शिक्षण, देणी, आणि नव्या कामातून एक रुपयाही आला नाही तर हे घर किती महिने तगेल, एवढेच त्यात भरायचे आहे. मुलाने तो एकट्याने भरू नये. आई, वडील, लग्न झाले असेल तर बायको, आणि घरात कमावती बहीण असेल तर तीही, सगळ्यांनी मिळून तो भरावा, आणि त्या आकड्यावर सगळ्यांचे एकमत झाल्यानंतरच बँकेच्या पायऱ्या चढाव्यात.